धुरळा उडण्याआधी : माळावरच्या मोटार शर्यतींविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन-तीन वर्षांत कोल्हापूर परिसरातल्या यात्रांमध्ये बैलगाडा शर्यत आणि कुस्ती मैदान यांच्या जोडीने चिखलातल्या जीपगाड्यांच्या, डर्ट बाइकच्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी चालवण्याच्या स्पर्धा होऊ लागल्या आहेत. त्यांच्या सुरक्षेविषयी सदराकडे आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या तरुण मंडळाने यंदा यात्रेत गावच्या माळावर मोटारसायकल आणि जीप यांची शर्यत घेण्याचे ठरवले आहे. बैलगाडा शर्यतीचा अनुभव मंडळाकडे आहे. परवानगी काढली, रुग्णवाहिका आणि बक्षिसाची ढाल आणली, एवढ्यावर भागेल का? (मंडळाचे सचिव, करवीर तालुका)

उत्तर : आपण परवानगीपासून सुरुवात केली आहे, म्हणून तिच्याविषयी आधी सांगतो, मात्र खरे काम तिथे संपत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी होऊ देणारा आणि तीत भाग घेणारा, दोघेही दोषी ठरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ‘आमचा माळ खासगी आहे’ या युक्तिवादावर विसंबू नये, कारण कायद्यातील सार्वजनिक ठिकाणाची व्याख्या मालकीवरून ठरत नाही, लोकांना तिथे जाण्याचा हक्क आहे की नाही यावरून ठरते. आणि यात्रेच्या दिवशी माळ सगळ्या पंचक्रोशीला खुला असतो. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायत यांच्याकडे लेखी अर्ज करावा, जमीनमालकांची लेखी संमती घ्यावी आणि सातबारा पाहून मार्गात येणारे गट नेमके कोणाचे आहेत हे तपासावे. माळाचा एखादा कोपरा वनविभागाकडे असतो आणि ते गावात निम्म्या लोकांना ठाऊक नसते. देशातील मोटार क्रीडेची नियामक संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, अर्थात एफएमएससीआय. तिच्याशी संलग्न क्लबला सोबत घेतल्यास प्रशिक्षित मार्शल (मार्गावर झेंडे घेऊन लक्ष ठेवणारे स्वयंसेवक) आणि तयार नियमावली मिळते. खर्च वाढतो हे खरे आहे, परंतु पहिल्या वर्षी तो करावा असे माझे मत आहे.

आता मुख्य मुद्दा. बैल थकतो, बिथरला तरी त्याचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही, आणि बैलगाड्याची चाकोरी सरळ असते. मोटारीचे तसे नाही. ती वळते, उडी घेते, आणि चालक पडल्यावरही चालकाशिवाय पुढे जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. वेग दुप्पट झाला की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. म्हणून बैलगाडा शर्यतीचा आराखडा तसाच उचलून येथे वापरता येणार नाही.

स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी संपूर्ण मार्ग पायी चालावा, आणि तोही दोनदा: एकदा सकाळी व एकदा स्पर्धा संपण्याच्या वेळेस, कारण मावळतीचे ऊन चालकाच्या डोळ्यांवर कुठे येते हे सकाळी कळत नाही. चालताना हातात वही असावी. कठडा नसलेली विहीर, पाइपलाइनचा उघडा व्हॉल्व्ह, डीपी (विजेचे रोहित्र) आणि तिचे ताण, लोंबकळणारी वीजवाहिनी, बांधात अर्धवट पुरलेला हद्दीचा दगड, तणात लपलेली तार, हे सारे आपल्या माळांवर असतेच आणि शेतकऱ्याला त्याची इतकी सवय झालेली असते की ते त्याला दिसेनासे होते. गाडी मार्ग सोडून गेली तर ती कुठे जाऊन थांबेल, हा प्रश्न प्रत्येक वळणावर उभे राहून स्वतःला विचारावा. उत्तर ‘विहिरीत’ किंवा ‘माणसांत’ असे येत असेल, तर कुंपण वाढवण्यापेक्षा वळणच हलवावे.

तिसरी बाब पाणंदींची. माळाला चारही बाजूंनी पाणंदी येऊन मिळतात आणि प्रत्येक पाणंदीने कोणी ना कोणी वैरण किंवा दूध घेऊन येतच असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली स्पर्धा सुरू असताना, स्पर्धेसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि स्पर्धेतील मोटारीच्या धडकेत एकाच कुटुंबातील तिघांचा जीव गेला. राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेत हे घडू शकते, तर आपल्या यात्रेत नक्कीच घडू शकते. प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी नुसती दोरी बांधून चालत नाही. तिथे माणूस हवा, त्याच्याकडे वॉकी-टॉकी हवा, आणि तो शेजारच्या वस्तीतला असावा. कारण परक्या पोराचे कोणी ऐकत नाही आणि ओळखीच्या माणसाला ‘शेळ्या मोकळ्या सुटल्यात, जाऊ दे’ म्हटले तरी तो त्या वस्तीला आदल्या दिवशीच सांगून आलेला असतो.

धुळीविषयी एक सूचना. पाण्याचा टँकर शर्यतीच्या तासभर आधी फिरवला तर वर चिखल आणि खाली कोरडी माती राहते, व वळणावर गाड्या घसरतात. आदल्या रात्री पाणी मुरू द्यावे, पहाटे हलका शिडकावा करावा आणि पुढे दर दोन फेऱ्यांनंतर धूळ पाहून ठरवावे. मागच्या चालकाला पुढची गाडी दिसेनाशी होत असेल, तर एका वेळी सोडायच्या गाड्यांची संख्या कमी करणे हाच उपाय आहे.

प्रश्न : मी पोलीस पाटील आहे. दोरी बांधली की लोक दोरीखालून येतात, बांबू बांधले की बांबूवर बसतात. गर्दी मागे ठेवण्याचा काही उपाय आहे का? प्रेक्षक किती अंतरावर असावेत? (पन्हाळा तालुका)

उत्तर : पाटील, या सगळ्या पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न आपला आहे. चालकाने निदान हेल्मेट घातलेले असते आणि धोका पत्करून तो उतरलेला असतो; बांधावर खांद्यावर पोर घेऊन उभ्या असलेल्या माणसाने यांतले काहीच केलेले नसते.

१४ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात लुसर्न व्हॅली येथे रात्रीची ऑफ-रोड शर्यत सुरू होती. एका उंचवट्यावरून उडी घेतल्यानंतर एका स्पर्धकाचा ट्रक ताब्यातून सुटून थेट प्रेक्षकांत घुसला आणि आठ जण मरण पावले. तिथे कठडा नव्हता आणि लोक मार्गापासून अवघ्या काही फुटांवर उभे होते. उडी जिथे चांगली दिसते तिथेच लोक जमतात, आणि उडी जिथे उतरते तिथेच गाडी बिघडते. या एका वाक्यात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

वळणाची बाहेरची बाजू, उडीनंतर गाडी टेकते ती जागा व तिच्या पुढचा पट्टा, लांब सरळ मार्गाचा शेवट, आणि मार्गापेक्षा खोलगट असलेली कोणतीही जागा या चार ठिकाणी प्रेक्षक उभेच करू नयेत, मग कुंपण कितीही भक्कम असो. उरलेल्या ठिकाणी अंतर किती, याचा हिशोब आपण स्वतः करू शकता. गाडी आपल्याकडे येते आहे हे उमजून, वळून, पाऊल उचलेपर्यंत माणसाचे दोन सेकंद जातात. शेजारी गर्दी असेल तर अधिक. ताशी ६० किलोमीटरच्या गाडीने तेवढ्यात ३३ मीटर ओलांडलेले असतात. माती, घसरण आणि बांध यांमुळे वेग कमी होतो हे धरूनही सरळ भागालगत मोटारसायकलींसाठी २० मीटर आणि जीपसाठी ३० मीटर यांहून कमी अंतर मी मान्य करत नाही. ही मोजमापे नियमपुस्तकातली नव्हेत, मैदानावर उभे राहून बनवलेली आहेत. तेवढी जागा नसेल तर वेग कमी करणारी वळणे मार्गात घालावीत.

कुंपण दुहेरी असावे. पहिली रेघ मार्गाची, दुसरी प्रेक्षकांची, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात रंगीत जाकीट घातलेल्या मार्शलखेरीज कोणीही नको. छायाचित्रकार नको, सरपंचांचे पाहुणेही नकोत. प्रेक्षकांच्या रेघेला दोन आडवे बांबू बांधावेत, एक कमरेच्या आणि एक गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे खालून शिरता येत नाही. हिरवी जाळी मात्र लावू नये. तिच्यातून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून माणूस पुढे येतो.

माणूस पुढे का येतो, हेच खरे कोडे आहे. आपण त्याला बेशिस्त म्हणतो, पण बहुतेक वेळा त्याला फक्त दिसत नसते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभारलेले आपले खासबाग मैदान आठवा. कुस्तीचा हौद मध्यभागी आणि भोवती चढत गेलेला उतार, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पट दिसतो आणि त्याला पुढे सरकण्याचे कारण राहत नाही. शर्यतीसाठी जागा निवडताना हेच पाहावे. माळाला लागून टेकाड असेल तर मार्ग टेकाडाच्या पायथ्यापासून अंतर ठेवून आखावा आणि लोकांना उतारावर बसवावे. उतार नसेल तर मुरमाचा भराव टाकून उंचवटा करून घ्यावा. चार ट्रॉल्या मुरूम चाळीस स्वयंसेवकांचे काम करतो.

दुसरे साधन म्हणजे निवेदक. आपल्याकडे कुस्तीचे निवेदक हजारोंचे मैदान शब्दावर खिळवून ठेवतात, आणि शर्यतीत मात्र आपण माइक बक्षिसे पुकारण्यापुरता वापरतो. गर्दीने रेघ ओलांडली की लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवावी, निवेदकाने कोणत्या बाजूचे लोक आत आले आहेत हे स्पष्ट सांगावे, आणि ते मागे गेल्याशिवाय पुढची फेरी सुटणार नाही असे जाहीर करावे. एकदा खरोखर थांबवून दाखवले की पुढच्या वेळी शेजारचेच शेजाऱ्याला मागे ओढतात. न थांबवता नुसत्या विनवण्या केल्या तर दुसऱ्या तासाला त्यांचा काही उपयोग उरत नाही.

प्रश्न : मी परिचारिका आहे. गावच्या शर्यतीत मला प्रथमोपचारासाठी बोलावले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येईल, असे आयोजक म्हणतात. मी कशाचा आग्रह धरावा? (कागल तालुका)

उत्तर : ताई, पहिला आग्रह स्वतंत्र रुग्णवाहिकेचा धरा. १०८ ही सर्वांसाठीची आपत्कालीन सेवा आहे. तिचे वाहन दिवसभर आपल्या माळावर उभे राहील असे गृहीत धरता येत नाही, आणि एका शर्यतीसाठी तालुक्यातल्या बाळंतिणीला ते मिळू नये असे आपल्यालाही वाटणार नाही. दुसरा आग्रह असा की रुग्णवाहिका मैदानातून बाहेर पडली की दुसरी येईपर्यंत शर्यत बंद राहील, आणि हे आयोजकांनी आधी लेखी कबूल करावे. जखमीला घेऊन गाडी गेली आणि मागे शर्यत चालूच राहिली, हे आपल्याकडे सर्रास घडते.

रुग्णवाहिका कुठे उभी आहे, यालाही तिच्या असण्याइतकेच महत्त्व आहे. काही वर्षांपूर्वी एका यात्रेतल्या शर्यतीला मी मार्शल म्हणून उभा होतो. एका मुलाचे गळ्यालगतचे हाड मोडले. रुग्णवाहिका होती, चालक होता, स्ट्रेचर होते. परंतु सकाळी मोकळी असलेली तिच्यापुढची वाट दुपारपर्यंत दुचाक्यांनी भरून गेली होती. हँडल लॉक केलेल्या त्या गाड्या आम्ही एकेक करून उचलून उसाच्या सरीत ठेवल्या. मुलगा हात छातीशी धरून रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसून आमच्याकडे बघत होता. मानेला मार असता तर त्या वीस-बावीस मिनिटांचे काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको. तेव्हापासून मी रुग्णवाहिकेच्या वाटेवर सकाळीच फक्कीच्या दोन रेघा मारून घेतो आणि तिथे एक माणूस केवळ त्या कामासाठी ठेवतो. गळीत हंगाम चालू असेल तर मुख्य रस्त्यावर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग कुठे लागते हेही पाहून ठेवावे, कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय इथपर्यंतचा रस्ता आदल्या दिवशी त्याच वेळेला गाडीने जाऊन तपासावा, आणि तिथल्या अपघात विभागाला तारीख कळवून ठेवावी.

वैद्यकीय बाबी आपण जाणताच, तरी मार्शल मुलांना या गोष्टी आपणच समजावून सांगाव्यात. पडलेल्या चालकाला दंडाला धरून उठवायचे नाही. हेल्मेट ओढून काढायचे नाही. श्वास अडत असेल तरच काढायचे, आणि तेव्हा एकाने मान व जबडा स्थिर धरून दुसऱ्याने ते सावकाश सोडवायचे. पाणी पाजायचे नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने थेट दाब द्यायचा आणि दर मिनिटाला उचलून पाहत बसायचे नाही. डोक्याला मार लागून क्षणभर जरी भान हरपले, चालक तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, ओकारी झाली किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसणार नाही. हा निर्णय आपला असेल, मंडळाचा नसेल, हेही ठरवून घ्या. मार्च ते मे या महिन्यांत शर्यत असेल तर उष्माघाताची तयारी ठेवावी. जाड जाकीट, छातीचे कवच आणि बूट घालून उन्हात रांगेत थांबलेला चालक शर्यत सुरू होण्याआधीच निम्मा गळालेला असतो, म्हणून सुरुवातीच्या रेषेजवळ मांडव घालून सावली करावी.

प्रश्न : माझा १४ वर्षांचा मुलगा चार चाकांची एटीव्ही (मोटारसायकलसारखे हँडल असलेली, कच्च्या वाटांवरची गाडी) घेऊन मागतो आहे. चार चाके असल्याने ती मोटारसायकलपेक्षा सुरक्षित असते, असे विक्रेता म्हणतो. (एक आई, राजारामपुरी)

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे ऐकायला पटते, पण ते खरे नाही. एटीव्ही अरुंद आणि उंच असते. उतारावर आडवी घातली किंवा वेगात वळवली की ती कलंडते, आणि मोठ्या माणसांसाठीच्या अनेक एटीव्हींचे वजन दोनशे किलोंच्या पुढे असते. मोटारसायकल बहुधा चालकाला बाजूला टाकून देते, एटीव्ही त्याच्या अंगावर येते. ती सावरण्यासाठी चालकाला आपले वजन सतत पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवावे लागते, आणि चौदा वर्षांच्या मुलाकडे तेवढे वजनही नसते आणि तेवढा अदमासही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना १६ वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवू नये असे सांगते, आणि तो सल्ला आपण मानावा.

त्याला खरोखर आवड असेल तर बंदिस्त ट्रॅकवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, त्याच्या मापाच्या छोट्या डर्ट बाइकवर सुरुवात करू द्यावी. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला लागतात का, ब्रेकपर्यंत बोटे पोहोचतात का, थ्रॉटल किती उघडावा यावर स्क्रूची मर्यादा घातली आहे का, आणि पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधली आहे का, एवढे आपण स्वतः पाहावे. मात्र ती गाडी घरापासून ट्रॅकपर्यंत टेम्पोतूनच जायला हवी. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ अन्वये पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘कॉलनीतल्या कॉलनीत एक फेरी’ हाही रस्ताच आहे.

प्रश्न : स्पर्धकांकडून ‘काही झाल्यास मंडळ जबाबदार नाही’ असे हमीपत्र घेतले की पुरेसे आहे ना? शिवाय प्रत्येकाच्या गाडीचा विमा असतोच.

उत्तर : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हमीपत्राचा उपयोग चालकाला धोक्याची जाणीव दिली होती हे दाखवण्यापुरता आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते आणि त्यातली जबाबदारी कोणाच्या सहीने माफ होत नाही. अल्पवयीन मुलाने केलेला करार तर मुळातच शून्य असतो. विम्याविषयी म्हणाल तर आपल्या गाडीची पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा. आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वासार्हता चाचणी यांसाठीचा वापर त्यात स्पष्टपणे वगळलेला आढळेल. आरोग्य विम्यातही व्यावसायिक म्हणून साहसी क्रीडाप्रकारांत भाग घेतल्याने झालेल्या दुखापतींचा खर्च वगळणारे प्रमाणित कलम असते आणि त्यात मोटार शर्यतीचा नावानिशी उल्लेख आहे. हौशी चालकाला ते लागू होते की नाही, यावर दाव्याच्या वेळी वाद घालत बसण्याऐवजी आयोजकांनी स्पर्धेच्या दिवसापुरता स्वतंत्र विमा काढावा. तो स्पर्धकांच्या अपघातासाठी असावा आणि प्रेक्षकांच्या हानीच्या जबाबदारीसाठीही असावा.

प्रश्न : चिखलात रुतलेली जीप काढताना आम्ही ट्रॅक्टर आणि वायर रोप वापरतो. त्यात काही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि शर्यतीपेक्षा अधिक आहे, कारण त्या वेळी सगळे जण मदतीला जवळ आलेले असतात. ताणलेला वायर रोप तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. रोपवर मध्यभागी ओले पोते किंवा जाड सतरंजी टाकावी, म्हणजे तुटला तरी तो खाली बसतो. आणि रोपच्या लांबीच्या दीडपट अंतरात चालकाखेरीज कोणी उभे राहू नये. मागच्या ट्रॉलीसाठी लावलेल्या गोळ्याला हुक कधीही अडकवू नये. तो मोडला तर तोफगोळ्यासारखा जातो. गाडीच्या सांगाड्याला ओढण्यासाठी दिलेल्या हुकालाच रोप लावावा. ट्रॅक्टरच्या बाबतीत साखळी खालच्या ड्रॉबारलाच (मागे ओढण्यासाठी दिलेल्या पट्टीलाच) लावावी. मागच्या अॅक्सलला किंवा वरच्या लिंकला लावून जोर दिला की पुढची चाके उचलतात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे चालकावर उलटतो. जीपच्या चालकांनी रोलकेज (गाडी उलटली तरी चालकाला वाचवणारा लोखंडी नळ्यांचा पिंजरा) आणि पट्टा यांशिवाय मार्गावर उतरू नये, आणि गाडी कलंडताना हात बाहेर काढून जमिनीला टेकण्याची जी उपजत ओढ असते ती आवरावी; खिडकीला जाळी असेल तर आवरण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : आम्ही शर्यत लावत नाही. रविवारी सहा-सात मित्र डर्ट बाइक घेऊन गगनबावडा, राधानगरीकडच्या कच्च्या वाटांवर जातो. आम्हालाही आराखडा हवा का?

उत्तर : हवा, पण तो एका पानात मावतो. कोण कोण निघाले, कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी लिहून ठेवावे, कारण घाटाकडे फोनला रेंज मिळेलच असे नाही. सर्वांत मागे अनुभवी चालक असावा, आणि प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबावे. परत फिरण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती पाळावी. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते आणि ते ब्रेकला दाद देत नाही. ओढ्याचे पाणी गढूळ असेल तर तळ किती खोल आहे याची पैज लावू नये. संध्याकाळी दाजीपूरच्या बाजूला गवा वाटेवर उभा असेल तर इंजिन बंद करून लांबच थांबावे, हॉर्न वाजवू नये. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे गुन्हा आहे. पठारांवर मोकळे दिसते म्हणून गाडी घालणेही टाळावे. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर असतो आणि श्रावण-भाद्रपदात फुलणारी फुले त्याच थरावर जगतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. मंडळाने मला ‘सुरक्षा अधिकारी’ नेमले आहे. झेंड्यांचे अर्थ मी पाठ केले. पण शर्यत थांबवा म्हटले तर माझे कोण ऐकणार?

उत्तर : पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, ओलांडू नका आणि उडी घेऊ नका, पांढऱ्यावर तिरकी लाल फुली म्हणजे मार्गावर जखमी व वैद्यकीय पथक आहे, प्रत्येक उंचवटा उडी न घेता, चाके जमिनीला टेकवूनच सावकाश पार करा, लाल म्हणजे थांबा. हे चालकांनाही सकाळच्या बैठकीत दाखवावे, आणि जो बैठकीला आला नाही त्याला सोडू नये. मार्शलना अशा ठिकाणी उभे करावे की प्रत्येकाला आधीचा आणि पुढचा मार्शल दिसेल. झेंडा काखेत गुंडाळून मोबाइलवर चित्रण करणारा मार्शल लगेच बदलावा, मग तो अध्यक्षांचा पुतण्या का असेना.

आपल्या प्रश्नाचे मूळ मात्र झेंड्यात नाही. संध्याकाळ झालेली असते, धूळ बसलेली नसते, प्रमुख पाहुणे शिये फाट्यापर्यंत आलेले असतात आणि कोणीतरी म्हणते, ‘साहेब येईपर्यंत आणखी एक फेरी काढू.’ अंतिम फेरी रखडलेली असते, लोकांनी पैजा मारलेल्या असतात आणि व्यासपीठावर वयाने मोठी माणसे बसलेली असतात. त्या वेळी वीस-बावीस वर्षांच्या मुलाने एकट्याने ‘नाही’ म्हणावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून हा प्रश्न त्या संध्याकाळी सुटत नाही, तो महिनाभर आधीच्या बैठकीत सोडवावा लागतो. मंडळाच्या इतिवृत्तात ठराव लिहून घ्या : शर्यत थांबवण्याचा अधिकार सुरक्षा अधिकारी आणि वैद्यकीय प्रमुख यांपैकी कोणाही एकाला आहे, पुन्हा सुरू करण्यासाठी मात्र दोघांचीही संमती लागेल, सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी शेवटची गाडी मार्गावरून उतरेल, आणि पाहुण्यांच्या आगमनाने या वेळेत बदल होणार नाही. त्याखाली अध्यक्ष, सचिव आणि यात्रा समितीच्या ज्येष्ठांच्या सह्या घ्या. एक प्रत पोलीस ठाण्यात अर्जासोबत जोडा, एक परिचारिकेकडे द्या आणि एक निवेदकाच्या हाती ठेवा, कारण पाहुणे उशिरा येत असल्याचे माइकवरून त्यालाच सांगावे लागणार आहे.